पारा सावलीत, माणूस उन्हात

किनारपट्टीवर उष्णतेची लाट आली असं हवामान खात्याने जाहीर करायचं तर पारा निदान ३७ अंशांवर जावा लागतो आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेला असावा लागतो. मैदानी मुलखासाठी हीच अट ४० अंशांची आहे. त्यामुळे मे महिन्यातली मुंबईची दुपार, म्हणजे ३४ अंश, अंगाला चिकटलेला सदरा आणि पंख्याखाली बसूनही पाठीवरून ओघळणारा घाम, हे सगळं सरकारी दप्तरी 'नेहमीचं' हवामान ठरतं. लाट नाही म्हणून इशारा नाही आणि इशारा नाही म्हणून कामाच्या वेळा बदलाव्यात असं कुणाच्या मनातही येत नाही. कधीतरी मार्चमध्ये जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा रेंगाळतो, समुद्रावरचा वारा दुपार टळून गेली तरी आत शिरत नाही, आणि सांताक्रूझचा पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा दोन दिवस बातम्या येतात. २०२५मध्ये तर फेब्रुवारीतच इशारा द्यावा लागला होता. मग वारा फिरतो, पारा उतरतो, दमटपणा चढतो आणि बातमी संपते. हाल मात्र पहिला पाऊस पडेपर्यंत चालूच राहतात.

कडक उन्हाळा म्हटला की आपल्याला वाळवंट आठवतं. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, तो देशातला उच्चांक. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात वसलेलं फिनिक्स शहर २०२३च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर तापत राहिलं. असले आकडे वाचून आपण 'बापरे' म्हणतो, आणि आपल्याकडे निदान समुद्र आहे, असं मनाचं समाधान करून घेतो. हे समाधान फुकाचं आहे, आणि ते शहरातल्या काही माणसांच्या जिवावर बेततं.

मला मागणी एकच करायची आहे. मुंबईत उन्हाळ्याच्या दुपारी उघड्यावरचं अंगमेहनतीचं काम कायद्याने थांबलं पाहिजे, आणि तेवढ्या तासांची मजुरी कापली जाता कामा नये. काम कधी थांबवायचं हे नुसत्या पाऱ्यावर ठरू नये. अंगावरचा घाम सुकतो की नाही, यावर ठरावं. मागणी परकी वाटेल, पण वाळवंटातल्या शहरांनी तिचा निम्मा भाग केव्हाच मान्य केलेला आहे. गंमत अशी की उरलेला निम्मा भाग खुद्द मुंबईला एके काळी चांगला ठाऊक होता.

आधी घामाचं बघू. आपलं शरीर थंड राहतं ते घाम येतो म्हणून नव्हे, घाम वाळतो म्हणून. हवा कोरडी असेल तर घाम येतो न येतो तोच उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो. हे मोजायची युक्ती जुनी आणि साधी आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा घालायचा. पाणी उडून फडकं जितकं गार होऊ शकेल, तितकंच घामेजलेलं अंग गार होऊ शकेल. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ते ३५ अंशांवर गेलं की सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊनही धडधाकट माणूस काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असं २०१०पासून मानलं जात होतं. पुढे तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा दिसलं की दमट हवेत शरीर त्याच्या बरंच आधी, ३१ अंशांच्या आसपासच, हात टेकतं.

आता दोन शहरं शेजारी ठेवू. फिनिक्समध्ये ४५ अंश तापमान आणि हवेत १० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्बचा आकडा साधारण २१ येतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे मे महिन्यातला अगदी कुणीही दखल न घेणारा दिवस, तर तोच आकडा २८च्या वर जातो. ज्या दिवशी आपण 'आज जरा उकडतंय' एवढंच म्हणतो, त्या दिवशी घामाच्या हिशेबाने आपण फिनिक्सच्या कितीतरी पुढे, त्या मर्यादेच्या जवळ उभे असतो. याचा अर्थ वाळवंटातलं ऊन सौम्य असतं असा कुणी घेऊ नये. कोरड्या उन्हात शरीरातलं पाणी कधी संपलं ते कळतही नाही. २०२३ साली फिनिक्स ज्या परगण्यात येतं त्या मॅरिकोपात उष्णतेने ६४५ माणसं दगावली. तिथला आकडा आणि इथला आकडा वेगवेगळ्या तऱ्हेने मारतात, आणि आपल्या बातम्यांना त्यातली एकच तऱ्हा दिसते, एवढंच सांगायचं आहे.

म्हणून वाळवंटातले सगळे उपाय आपल्याला उपयोगी पडत नाहीत. नागपूरकडच्या माणसाला हे सांगायला नको. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर विदर्भात स्वर्ग उभा करतो. तोच कूलर मुंबईत आणून लावलात तर खोलीची न्हाणी होते. जाड भिंती, अरुंद गल्ल्या, दगडी जाळ्या, ओलावलेले पडदे हे सगळं जैसलमेरला शोभतं, कारण तिथे हवा पाणी प्यायला तयार असते. इथे तिचं पोट आधीच भरलेलं. इथे वारा खेळता राहिला तर माणूस वाचतो. चाळींच्या लांब गॅलऱ्या आणि समोरासमोरच्या खिडक्या कुणा तज्ज्ञाच्या अहवालातून आल्या नव्हत्या, पण त्या बरोबर होत्या. पुनर्वसनाच्या नावाखाली गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये किंवा मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये ज्या इमारती आपण एकमेकींना खेटून उभ्या केल्या, तिथे मधल्या फटीत ऊन शिरत नाही तसा वाराही शिरत नाही. तिथले क्षयरोगाचे आकडे गाजले. उकाड्याकडे कुणी पाहिलं नाही. २०११च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतली सुमारे ४२ टक्के माणसं झोपडपट्टीत राहत होती. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर मे महिन्यात रात्री काय होतं हे त्यांना विचारावं. दिवसभर राबलेल्या अंगाला रात्री थंड व्हायला जागाच मिळत नाही. घरांचा प्रश्न मोठा आहे, सुटायला वर्षं लागतील. दुपारचा प्रश्न मात्र एका आदेशाने सुटू शकतो, म्हणून आज तोच धरून बसतो.

ओलाव्यासकट उष्णता मोजायची म्हटलं की अधिकारी 'हे शास्त्रीय काम आहे, अभ्यास लागेल' असं म्हणतात. अभ्यास या शहरात झालेला आहे. गिरणगावात साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडत असत. धागा जगायचा आणि साच्यावरचा माणूस गुदमरायचा. त्यावर इतकी ओरड झाली की १९४८च्या कारखाने कायद्यात या कृत्रिम ओलाव्यासाठी स्वतंत्र कलम आलं, पंधरावं. हवेतला ओलावा किती असावा, तो कसा तपासायचा, त्याची नोंद कशी ठेवायची याचे नियम करायचा अधिकार राज्याला मिळाला. त्याआधीच्या तेराव्या कलमाने कामाच्या जागी हवा खेळती आणि तापमान सुसह्य ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली होती. म्हणजे परळ-लालबागच्या कामगारासाठी, निदान कागदावर तरी, कायद्याला घाम कळत होता. आता त्याच गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहताहेत, आणि ते टॉवर बांधणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर नसल्यामुळे तो त्या कायद्याच्या कल्पनेत कधी बसलाच नाही. उष्णता भिंतींच्या आत असेल तर मालकाची, भिंतींच्या बाहेर असेल तर देवाची, अशी ही वाटणी झाली आहे.

आखातातल्या देशांनी ही वाटणी मोडली. संयुक्त अरब अमिरातीत २००५पासून उन्हाळ्यात, आता १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. मोडली तर माणशी ५ हजार दिरहम दंड, जास्तीत जास्त ५० हजार. कतारने २०२१मध्ये वेळ वाढवून सकाळी १० ते दुपारी साडेतीन केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक आकडा ठरवला: तापमान, ओलावा, उन्हाची धग आणि वारा या चारही गोष्टी एकत्र धरून जो निर्देशांक निघतो तो ३२.१वर गेला, की घड्याळात काहीही वाजलेले असोत, काम बंद. दुबई आणि दोहा वाळवंटात असली तरी समुद्राकाठी आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्यांचा उन्हाळा फलोदीपेक्षा आपल्या जास्त जवळचा आहे, फक्त पारा आणखी वर. कोरड्या पाऱ्यावर भागत नाही हे त्यांना उमगलं ते त्यामुळेच.

आखाताची आरती ओवाळायचा माझा इरादा नाही. तिथे परदेशी मजुराला संघटना करता येत नाही, कित्येकांचे पासपोर्ट वर्षानुवर्षं मालकाच्या कपाटात पडून असत, आणि फुटबॉल विश्वचषकाची मैदानं बांधताना काय किंमत मोजली गेली यावर जगभर लिहिलं गेलं आहे. आमच्या इमारतीत प्लंबिंगच्या कामाला रत्नागिरीकडचे एक चाचा येतात. बरीच वर्षं दोह्यात फिटर होते. दुपारच्या सुट्टीचा विषय काढला तर हसले. म्हणाले, "वेळ झाली की फोरमन स्वतः ओरडायचा, उतरा खाली म्हणून. आमची काळजी नव्हती त्याला, दंडाची होती. पण उतरायला तर मिळायचं." पुढे त्यांनी विचारलं, की इथे मी दुपारी दोन वाजता तुमच्या गच्चीवरच्या टाकीत वाकलेला असतो, तेव्हा मला उतर म्हणणारं कोण आहे? मी उत्तर दिलं नाही. सोसायटीने त्यांना दुपारी बोलावलं होतं, कारण सकाळी सगळ्यांना पाणी हवं असतं.

आमच्या मागच्या गल्लीत पुनर्विकासाची एक इमारत उभी राहतेय. स्लॅबच्या दिवशी मी खिडकीतून बघतो. सकाळी सेंटरिंगवाले आणि सळ्या बांधणारे असतात, पण खरी धावपळ सुरू होते ती अकरा-साडेअकराला. त्याचं कारण गमतीशीर आहे. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना रस्त्यावर बंदी असते, म्हणून काँक्रीटच्या मिक्सर गाड्या मधल्या वेळात येतात. गाड्यांची वाट मोकळी राहावी म्हणून आपण जो नियम केला, त्याने स्लॅबची वेळ नेमकी भर दुपारवर नेऊन ठेवली. एकदा ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही, जोड कच्चा राहतो. मग पाच-सहा तास माणसं सळ्यांच्या जाळीवर उभी राहतात. सळई इतकी तापलेली असते की हाताला चिंध्या गुंडाळल्याशिवाय धरवत नाही. कुणी पंपाचा पाइप ओढतं, कुणी व्हायब्रेटर धरतं, दोघी बाया घमेल्याने कोपरे भरतात. पाण्याचा निळा पिंप गच्चीच्या कडेला, उन्हातच ठेवलेला.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा प्रसंग सांगितला ती. काँक्रीटला ऊन चालत नाही. गरम हवेत ते लवकर आवळतं, तडे जातात, ताकद कमी भरते. म्हणून भारतीय मानकांमध्ये उष्ण हवामानातल्या काँक्रीटसाठी वेगळी संहिता आहे. ४० अंशांच्या वर काय खबरदारी घ्यायची हे त्यात लिहिलेलं आहे. खडीवर सावली करा, पाणी थंड वापरा, गरज पडली तर पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घाला. रेडीमिक्सच्या प्लँटवर उन्हाळ्यात बर्फ येतो तो यासाठी. ओतून झालेल्या कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून दिवसातून चारदा पाणी मारतात. इंजिनीअर येऊन गोणपाट सुकलंय का ते हात लावून बघतो. त्या इमारतीत काँक्रीट किती अंशांवर असावं हे लिहून ठेवलेलं आहे, ते तपासणारा माणूस आहे, चुकलं तर जबाबदारी ठरलेली आहे. जाळीवरच्या माणसासाठी यातलं एकही नाही.

हा प्रश्न सरकारला अजिबात कळत नाही असं म्हणता येणार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात बसली होती. चौदा जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी पारा ४५ला वगैरे नव्हता, चाळिशीच्या आतच होता. बसून राहिलेली, काहीही कष्टाचं काम न करणारी माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांतच, दुपारी १२ ते ५ खुल्या जागेत कार्यक्रम नकोत, असं सरकारने जाहीर केलं. निर्णय योग्यच होता. पण त्याचा अर्थ उलगडून बघा: याच हवेत उघड्या मैदानावर प्रेक्षक म्हणून बसणं धोक्याचं, आणि शेजारच्या इमारतीच्या सतराव्या मजल्यावर उघड्यावर व्हायब्रेटर धरणं चालू राहायला हरकत नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात येणारी सरकारी पत्रकंही अशीच असतात. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, ताक-पन्हं-लिंबू सरबत प्या, डोक्यावर टोपी ठेवा. सल्ला चांगला आहे. पण तो ज्याला पाळता येतो त्याला त्याची फारशी गरज नसते. आणि ज्याला गरज आहे, म्हणजे हमाल, फेरीवाला, पार्सलची पिशवी पाठीवर घेऊन सिग्नलला उभा असलेला मुलगा, रस्ता खणणारा कंत्राटी कामगार, त्याने तो पाळला तर संध्याकाळी चूल पेटत नाही. सल्ला आणि हक्क यांत हाच फरक असतो. सल्ला मोडला तर दोष तुमचा, हक्क मोडला तर दुसऱ्या कुणाला जाब द्यावा लागतो.

कायद्याने दुपार थांबवायला दुबईपर्यंत जायचीही गरज नाही. केरळचं हवामान आपल्यासारखंच दमट. तिथे उन्हाळ्यात कामगार खातं आदेश काढतं की उन्हात काम करणाऱ्यांना दुपारी १२ ते ३ विश्रांती द्यायची आणि पाळ्या तशा लावून घ्यायच्या. ओडिशात १९९८च्या उन्हाळ्यात दोन हजारांवर माणसं मेली, तेव्हापासून तिथे दुपारच्या कामाच्या वेळा बदलायची पद्धत पडली. अहमदाबादेत मे २०१०मध्ये पारा ४६.८ला गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले. त्या धक्क्यातून २०१३ साली तिथल्या पालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. मुंबई पालिकेनेही मार्च २०२२मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात शहराच्या उष्णतेचा विचार आहे. कागद आहे. कागदावरून स्लॅबवर मात्र अजून काही उतरलेलं नाही.

अहमदाबादचा आकडा कसा निघाला हेही बघण्यासारखं आहे. त्यांनी उष्माघाताचे दाखले मोजत बसण्याऐवजी त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले आणि आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले. कारण उष्णतेने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'उष्णता' असं क्वचितच लिहिलेलं असतं. हृदय बंद पडलं, मूत्रपिंड निकामी झालं, असंच लिहितात. मॅरिकोपाचा ६४५ हा आकडा मोठा दिसतो तो तिथे ऊन जास्त म्हणून तर आहेच, शिवाय तिथला वैद्यकीय तपासनीस प्रत्येक संशयित मृत्यूची चौकशी करतो म्हणूनही आहे. मुंबईत जन्ममृत्यूची नोंद इतर शहरांच्या मानाने चांगली होते. एप्रिल-मे महिन्यांत रोज किती माणसं गेली हा आकडा, त्या दिवशीच्या तापमान आणि आर्द्रतेसह, पालिकेने जाहीर करायला नवा पैसा लागत नाही. तो जाहीर झाला की मुंबईत उन्हाने कुणी मरत नाही हे म्हणणं किती टिकतं ते दिसेल. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५चा. त्याखालच्या मदतीसाठी केंद्राने केलेल्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आली, उष्णतेची लाट वर्षानुवर्षं बाहेर राहिली. न मोजलेल्या माणसांसाठी निधी मागणार कसा?

या मागणीवर खरा आक्षेप येतो तो मजुरांकडूनच, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नाक्यावर उभा राहणारा माणूस दिवसावर जातो. सळई बांधणाऱ्याला टनावर मिळतं, प्लास्टरवाल्याला चौरस फुटावर. दुपारी तीन तास बसवलंत तर त्याचा हिशेब कोण देणार? पगारी कामगाराला विश्रांती म्हणजे विश्रांती. रोजंदारीवरच्याला ती उपासमार होऊ शकते. म्हणून नुसता बंदीचा आदेश काढून हात झटकणं हा दुसरा अन्याय ठरेल. अर्धा प्रश्न वेळा बदलून सुटतो. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची बंधनं असतात, पण सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते ७ असे आठ तास निघतात. स्लॅबच्या दिवशी मिक्सर गाड्यांना पहाटेची, सकाळची वाट मोकळी करून द्यावी. पंधरा मिनिटं जास्त लागली तर कार्यालयात जाणाऱ्यांचं आभाळ कोसळणार नाही. नालासोपारा, दिवा, मानखुर्दहून येणाऱ्यांना मधले तास घरी जाता येणार नाही, तेव्हा विश्रांतीची जागाही साइटवरच हवी. ती पत्र्याच्या शेडमध्ये दिली तर भट्टीतून निघून भट्टीत गेल्यासारखंच होईल. इमारतीचा तळमजला किंवा पार्किंगचा मजला आधी बांधून होतो, तिथे सावली असते, वारा असतो. तिथे पंखे, पिण्याचं थंड पाणी आणि बायकांसाठी आडोसा, एवढं बंधनकारक करता येईल.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नासाठी पैसा आहे. १९९६च्या कायद्यांपासून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. मुंबईत बांधकामावर जो पैसा ओतला जातो त्याचा १ टक्का म्हणजे लहान रक्कम नव्हे. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने त्यातून नोंदणीकृत कामगारांना भांड्यांचे संच वाटले. भांडी वाईट नाहीत, फोटोही चांगले येतात. पण ज्या दिवशी निर्देशांक मर्यादेच्या वर गेला त्या दिवशी बुडालेल्या तासांची मजुरी थेट खात्यावर टाकणं हे त्याच पैशाचं जास्त सरळ काम आहे. यात अडचण नोंदणीची आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणायचा कुठून, हे नाक्यावरच्या माणसाचं जुनं रडगाणं. तो सोडवावा लागेल. ज्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा करून, एका मालकाचा नसलेल्या हमालासाठी मंडळ उभं केलं आणि मजुरी त्या मंडळामार्फत पोचवायची रीत घालून दिली, त्या राज्याला हे जमणार नाही असं मी मानायला तयार नाही.

अंमलबजावणी होणार नाही, हा आणखी एक नेहमीचा सूर. आकडा बघून काम थांबवायची मुंबई पालिकेला सवय नाही, असं तर मुळीच नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी पालिकेने जाहीर केलं की हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २००च्या वर गेला तर त्या भागातली बांधकामं थांबवली जातील, आणि बोरिवली पूर्व आणि भायखळ्यातली कामं थांबवलीही. म्हणजे मोजणारी यंत्रं, मर्यादेचा आकडा, विभागवार आदेश, पाहणी करणारे अभियंते, नोटिसा, हे सगळं अस्तित्वात आहे. धुळीच्या वेळी ते हललं कारण धूळ सगळ्यांच्या खिडक्यांतून आत येत होती. उन्हासाठी तीच यंत्रणा वापरायची तर मोठ्या साइटवर उष्णतेचा निर्देशांक मोजणारं एक यंत्र, त्याचा आकडा फाटकावरच्या फलकावर रस्त्यावरून दिसेल असा, आणि तक्रारीसाठी एक नंबर इतकंच वाढवावं लागेल. मार्चच्या पहिल्या तारखेपासून पाऊस स्थिरावेपर्यंत. पहिल्या वर्षी फक्त मोठी बांधकामं आणि पालिकेची स्वतःची रस्त्याची कंत्राटं घ्या. पालिकेने स्वतःच्या कंत्राटात ही अट घालायला तर कुणाची परवानगीही लागत नाही.

बिल्डर म्हणतील, ताबा लांबेल. तेही पूर्ण खोटं नाही, आणि ताब्यासाठी तगादा लावणाऱ्यांत आपण सगळे असतो. भाडं आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्याला तीन महिने म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण त्याचीही सोय कायद्यात करता येते. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा अशीच नैसर्गिक आपत्ती आली तर प्रकल्पाची मुदत वाढवून द्यायची तरतूद घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या २०१६च्या रेरा कायद्याच्या सहाव्या कलमात आहे. उष्णतेमुळे थांबलेले तास, फलकावरच्या नोंदीसकट दाखवले, तर ते महारेराने मुदतीतून वजा करावेत. बिल्डरला तारीख पाळण्यासाठी माणसं उन्हात उभी करायचं कारण राहणार नाही, आणि नोंद न ठेवणाऱ्याला सवलतही मिळणार नाही.